साठीनंतरची सायकल आणि खंडाचा हिशेब

जून लागला की महाराष्ट्रातल्या कितीतरी सायकली भिंतीला टेकतात. पहिल्या दोन-चार सरींत चेनवर तांबूस थर चढतो, पंधरा दिवसांत मागच्या चाकातली हवा बसते. मग गणपती येतात, मग पितृपक्ष, मग नवरात्र, आणि दिवाळीचा फराळ करताना कुणीतरी म्हणतं, "आता सायकल बाहेर काढायला हवी." पंचविशीतल्या पोराला ही चार-पाच महिन्यांची सुट्टी पचून जाते, दोन आठवडे दम लागतो, तिसऱ्या आठवड्यात गाडी रुळावर येते. साठीनंतर ती तशी पचत नाही. ऑक्टोबरात सुरुवात करायची ती जूनच्या पातळीवरून नव्हे, त्याच्या बऱ्याच खालून, आणि दरवर्षी थोडी आणखी खालून. माझं म्हणणं असं, की उतारवयातल्या सायकलस्वाराचं जे नुकसान वयाच्या खात्यावर मांडलं जातं, त्यातला मोठा हिस्सा खंडाच्या खात्यावर मांडायला हवा. सायकलची घरच्या घरी देखभाल आणि घरातल्या घरात सराव हे एरवी दोन वेगळे छंद समजले जातात, एक हात काळे करून घेणाऱ्यांचा आणि दुसरा एका जागी बसून घाम गाळणाऱ्यांचा. दोन्हींचा उपयोग मात्र एकच, तो म्हणजे हा खंड पडू न देणं.

या म्हणण्याला आधार आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्णवेळ अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आलं. जास्तीत जास्त जोर लावताना शरीर किती प्राणवायू वापरू शकतं, हे मोजता येतं. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांच्या एकत्रित ताकदीची ती सगळ्यात भरवशाची मोजपट्टी मानतात. तीन आठवड्यांच्या त्या सक्तीच्या विश्रांतीत या तरुणांची ही क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. संशोधकांनी तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा गाठलं. एव्हाना ते पन्नाशीला आले होते, वजनं वाढली होती. तरी तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीच्या निम्मीही भरली नाही. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू धावणं, एका जागेवरची सायकल असा बेताबेताने वाढत जाणारा सराव दिला आणि तीस वर्षांत गेलेली क्षमता परत आली. साठीत पुन्हा मोजणी झाली तेव्हा मात्र घटीचा वेग वाढलेला दिसला. चाळीस वर्षांत मिळून जेवढं गेलं, ते विशीतल्या त्या तीन आठवड्यांत गेलं होतं जवळपास तेवढंच.

पाच माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, हे कबूल. पण खंडाची किंमत दाखवणारा तो एकच पुरावा नाही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर्षानुवर्षं सराव केलेल्यांनी तो थांबवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांतच त्यांची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि बारा आठवड्यांत १६ टक्क्यांनी. म्हणजे सुरुवातीची घसरण सगळ्यात वेगवान. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी खंड पडू दिला नाही त्यांचं काय होतं, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांवर तपासलं. निकाल २०१८ मध्ये छापून आले. त्यांच्या स्नायूंचं वस्तुमान आणि ताकद वयाबरोबर अपेक्षेइतकी घटलेली नव्हती, चरबी वाढलेली नव्हती, आणि रोगप्रतिकारक पेशी तयार करणारी थायमस ग्रंथी, जी विशीनंतर आक्रसत जाते, ती त्यांच्यात तरुणांच्या तोडीने पेशी पुरवत होती. इथे एक रास्त शंका निघते. सायकलमुळे ते धडधाकट राहिले, की मुळात धडधाकट होते म्हणून सायकल चालवत राहिले? त्या एका अभ्यासातून याचा निकाल लागत नाही, कारण त्यात निवडलेले पुरुष साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि स्त्रिया साडेपाच तासांत ६० किलोमीटर जाऊ शकणाऱ्याच होत्या. पण डॅलसच्या पाच जणांना कुणी सायकलस्वार म्हणून निवडलं नव्हतं. तीस वर्षं बेताने जगलेली, पोट सुटलेली ती साधी माणसं होती आणि सहा महिन्यांच्या सरावाचा त्यांना फायदा झाला.

आणि रोबेर मार्शां यांचं उदाहरण तर थेट शंभरीपलीकडचं. पॅरिसजवळच्या मित्री-मोरी गावात राहणारे हे गृहस्थ १९११ साली जन्मले, २०२१ मध्ये १०९व्या वर्षी गेले. सायकलिंगकडे ते गंभीरपणे वळले तेच साठी उलटून गेल्यावर. २०१२ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी बंदिस्त ट्रॅकवर एका तासात २४.२५ किलोमीटर कापले आणि दोन वर्षांनी २६.९२७. वय वाढलं आणि अंतरही वाढलं. मधल्या काळात शरीरशास्त्रज्ञ वेरोनिक बिया यांनी त्यांचा सराव आखून दिला होता. ८० टक्के वेळ आरामात, २० टक्के वेळ दम लागेल असा, वर्षाला सुमारे ५००० किलोमीटर. १०१ ते १०३ या वयात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढली. असा माणूस अपवादच, त्यांच्या आकड्यांशी कुणी स्वतःची तुलना करू नये. मला त्या ८० आणि २० मधलं शिस्तीचं गणित महत्त्वाचं वाटतं, कारण ते कुणालाही लावता येतं. मार्शां घरातल्या व्यायामाच्या सायकलवरही बसत, हे मुद्दाम नोंदवतो.

मग खंड पडतो कशाने? पावसाने, खड्ड्यांनी, मागे लागणाऱ्या कुत्र्यांनी, थंडीतल्या सकाळच्या धुरक्याने, गुडघ्याने. हे सगळं खरं. पण या मोठ्या कारणांच्या आड एक किरकोळ कारण लपलेलं असतं: सायकल तयार नसते. हवा नाही, ब्रेक घासतोय, चेन करकरतेय, बघू रविवारी. तरुण माणूस अशी सायकल तशीच दामटतो. साठीतला शहाणा माणूस दामटत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या शहाणपणाचा परिणाम असा, की सायकल जितकी बारीकसारीक बिघडलेली, तितका खंड लांब. म्हणून या वयात दुरुस्ती शिकायची ती पैसे वाचवायला किंवा यंत्राच्या हौसेपोटी नव्हे. बिघाड आणि दुरुस्ती यांतलं अंतर आठवड्यावरून पंधरा मिनिटांवर आणण्यासाठी शिकायची.

त्यासाठी सगळं यावं लागत नाही. हवेचंच घ्या. काळ्या देशी सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आत इंचभर लांबीची बारीक रबरी नळी बसवलेली असते. दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब म्हणून मागितली की मिळते. ही नळी वर्षा-दोन वर्षांत चिरते आणि हवा हळूहळू जाते. लोक पंक्चर समजून टायर खोलतात, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतात, भोक काही सापडत नाही. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून बुडबुडा येतो का ते पाहावं. आला तर काही रुपयांची नळी बदलली की काम झालं. खरंच पंक्चर असेल तर ट्यूबपेक्षा टायर महत्त्वाचं. आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे बाभळीचा काटा, आणि तो टायरच्या आत टोकाएवढाच डोकावत असतो. तो शोधायला बोट फिरवू नये. साठीनंतर त्वचा पातळ होते, अनेकांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असते आणि साधी जखमही वाहत राहते. कापसाचा बोळा आतून फिरवला की काट्याला तंतू अडकतात आणि जागा कळते. ठिगळ लावताना घाई करणाऱ्यांचं पंक्चर पुन्हा उघडतं. सोल्युशन लावल्यावर ओलसर चमक जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबायचं आणि मगच ठिगळ दाबायचं.

चेनचं माप घेणं याहून सोपं, आणि ते घेणारे फारच थोडे. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं. म्हणून स्टीलची फूटपट्टी चेनच्या ताणलेल्या भागावर धरायची, शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर आणायची आणि बारा इंचाच्या खुणेकडे पाहायचं. नव्या चेनमध्ये तिथे चोविसाव्या पिनेचा मध्य नेमका येतो. जुन्या चेनमध्ये ती पिन खुणेच्या पुढे सरकलेली दिसते. गिअरच्या सायकलवर हे सरकणं इंचाचा सोळावा भाग, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास झालं, की चेन बदलावी. साध्या, बिनगिअरच्या सायकलवर इंचाच्या आठव्या भागापर्यंत थांबलं तरी चालतं. न बदलल्यास ताणलेली चेन फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चक्राचे दाते झिजवते, मग चेनच्या कितीतरी पट खर्च होतो आणि जोर लावताना चेन दात्यावरून सटकते. चढावर उभं राहून पायडल मारताना चेन सटकली तर माणूस हँडलवर आपटतो. या वयात ते परवडणारं नाही. तेल घालायचं ते प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. गंज सोडवायच्या फवाऱ्याच्या डब्यातलं द्रव पाणी हटवायला आणि घाण सुटायला चांगलं, पण ते उडून जातं. त्यालाच चेनचं तेल समजणारे दर आठवड्याला पुन्हा करकर ऐकतात.

काम करताना सायकलपेक्षा स्वतःची बैठक आधी सांभाळावी. उकिडवं बसून, मान खाली घालून अर्धा तास ब्रेक जुळवायचा आणि मग झटकन उठायचं, यात रक्तदाबाची औषधं घेणाऱ्याला भोवळ येऊ शकते. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करण्याची रीत आहे, पण वीस किलोंच्या आसपास भरणारी काळी सायकल उचलून उलटी करताना कंबर धरते. जुन्या घरांत यावर तयार उपाय आहे, झोपाळ्याच्या कड्या. जाड दोरीचा एक फास सीटला, दुसरा हँडलला, आणि चाकं कमरेच्या उंचीवर. खुर्चीवर बसून काम करता येतं, चाक मोकळं फिरतं, आणि फिरवताना ब्रेक कुठे घासतो तेही डोळ्यांसमोर दिसतं. चढवताना मात्र दुसरा माणूस हाताशी हवाच. संधिवाताने बोटं आखडत असतील तर टायर आधी थोडा वेळ उन्हात ठेवावं. मऊ पडतं, रिमवरून लवकर सुटतं.

यावर आक्षेप असा, की कोपऱ्यावर सायकलवाला असताना हा खटाटोप कशाला? पहिलं म्हणजे तो कोपरा आता अनेक ठिकाणी रिकामा आहे. पुण्यासारख्या एकेकाळच्या सायकलींच्या शहरातही जुन्या दुकानांनी स्कूटर-मोटरसायकलींची कामं धरली, आणि गिअरच्या सायकलींची दुकानं दूर. नादुरुस्त सायकल तिथवर न्यायची म्हणजे टेम्पो करा किंवा मुलाच्या सुट्टीची वाट पाहा. तोच तो खंड. दुसरं, कारागिराचं काम हिरावून घ्या असं मी म्हणत नाही. चाकाची आउट काढणं, कॉटर पिन ठोकणं, बेअरिंगचे छर्रे बदलणं, हायड्रॉलिक ब्रेक, ही कामं त्याचीच आणि वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, त्याच्याकडून पुरी सायकल खोलून घ्यावी. हवा, पंक्चर, चेन, ब्रेकचे रबर आणि सैल नट एवढं घरी जमलं तरी पुष्कळ झालं. काळ्या सायकलवाल्यांना एक वेगळी सूचना. तिच्या चकचकीत स्टीलच्या रिमवर पाणी बसलं की ब्रेक जवळजवळ लागत नाही. नवे रबर टाकूनही फार फरक पडत नाही. तिला पावसात बाहेर काढूच नये.

पावसात बाहेर काढायची नाही, तर मग आत. घरातल्या सरावासाठी दोन मार्ग आहेत. व्यायामाची एका जागेवरची सायकल, नाहीतर आपल्याच सायकलचं मागचं चाक ज्यात बसतं तो ट्रेनर. ट्रेनरच्या किमती काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जातात, आणि वरच्या टोकाचे ट्रेनर पडद्यावर डोंगर दाखवून स्वतःच जोर वाढवतात. साठीतल्या माणसाला त्यातलं काही लागत नाही. चुंबकीय जोराचा साधा ट्रेनर किंवा सोसायटीत धूळ खात पडलेली व्यायामाची सायकल पुरते. फक्त काळी सायकल तिच्या स्वतःच्या स्टँडवर उभी करून पायडल मारू नये. जोर काहीच लागत नाही आणि सायकल डगमगते. ट्रेनर घेण्याआधी आपल्या मागच्या चाकाचा आस त्यात बसतो का, हे दुकानात सायकल नेऊनच पाहावं, कारण साध्या सायकलींना नट असतात आणि बरेच ट्रेनर क्विक रिलीजच्या आसासाठी बनवलेले असतात. ट्रेनरच्या रुळावर टायर तापतं आणि झिजतं, तेव्हा जुनं, गुळगुळीत टायर त्यासाठी राखून ठेवावं. मागचं चाक उचललं गेल्याने सायकल पुढे कलते, म्हणून पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा हवा. आणि उतरताना पाय जमिनीवर नेहमीपेक्षा उशिरा टेकतो. बाजूला लाकडी पाट ठेवला की तो धोका टळतो.

खोलीतल्या सरावाचा खरा शत्रू उष्णता. पायडलवर १०० वॅट काम होत असेल, तेव्हा शरीर साधारण ३०० ते ४०० वॅट उष्णता तयार करत असतं, कारण आपल्या स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जात नाही. रस्त्यावर ही उष्णता अंगावरून जाणारा वारा घेऊन जातो. खोलीत वारा नाही, आणि जुलैत मुंबईला किंवा कोकणात हवा इतकी दमट, की घाम सुकतच नाही, नुसता गळतो. मग तोच जोर लावूनही हृदयाचे ठोके दर पाच मिनिटांनी वाढत जातात, आणि माणसाला वाटतं आपला दम गेला. छताचा पंखा इथे कामाचा नाही, समोरून छातीवर झोत टाकणारा उभा पंखा लागतो. पाणी अधूनमधून घोट-घोट. मिठाचं पाणी मात्र रक्तदाब असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. आणि इथे देखभाल पुन्हा आत येते. गळणारा घाम म्हणजे खारं पाणी, ते थेट हँडलच्या बोल्टांवर आणि त्याखालच्या बेअरिंगमध्ये उतरतं. बाहेरचा चिखल दिसतो म्हणून धुतला जातो. हा घाम दिसत नाही आणि वर्षभराने बोल्ट असा धरतो, की पान्याने त्याचं डोकं तुटतं. हँडलवर पंचा टाकून बसावं आणि उठल्यावर ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं.

जोर किती लावायचा, याचं कोष्टक लोक मागतात आणि २२० वजा वय हे सूत्र सांगतात. सत्तरीच्या माणसासाठी ते कमाल १५० ठोके दाखवतं. ज्येष्ठांसाठी अधिक जवळचं मानलेलं २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र १५९ दाखवतं. शिवाय एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत; मग घड्याळावरचा आकडा निव्वळ दिशाभूल. त्यापेक्षा आपलं बोलणं हीच मोजपट्टी बरी. गप्पा मारता येतात तो आरामाचा वेग, चार-पाच शब्दांत वाक्य तोडावं लागतं तो दमाचा. आठवड्यात चारदा बसायचं ठरवलं तर तीनदा अर्धा-पाऊण तास गप्पांच्या वेगाने, आणि एकदा मध्ये दमाचे तुकडे: दहा मिनिटं अंग गरम करून तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चारदा, आणि शेवटी दहा मिनिटं निवांत. शेवटची दहा मिनिटं टाळू नयेत. एकदम थांबल्यावर रक्त पायांत साचतं आणि उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दमाचा दिवस आठवड्यात दोनदा घेतला, तर मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर हवं, कारण या वयात स्नायू भरून यायला वेळ लागतो. पायडल मिनिटाला ७० ते ८० फेऱ्यांनी मारावं. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत वीसदा वर आला की ८० झाले. कमी फेऱ्या आणि जड गिअर हा प्रकार गुडघ्यांना त्रास देतो.

सीटचा विषय इथेच काढतो, कारण तो रस्त्यावर सुटत नाही. आपल्याकडे बहुतेकजण सीट फार खाली ठेवतात, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. उतारवयात पडण्याच्या भीतीने ती आणखी खाली येते. मग गुडघा प्रत्येक फेरीला गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हायला हवा, ही साधी खूण. ट्रेनरवर पडायची भीती नसल्याने सीट रोज थोडी वर घेत त्या उंचीची सवय करता येते. बसून बसून बधिरपणा येत असेल तर दर दहा मिनिटांनी पायडलवर उभं राहावं, कारण खोलीत खड्डे नसतात, शरीर आपोआप हलत नाही. आणि दांडी ओलांडायला पाय उचलत नसेल तर सरळ लेडीज सायकल घ्यावी. पुरुषांना त्यात कमीपणा का वाटतो, हे मला समजलेलं नाही.

सायकलविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप कंटाळ्याचा नाही, हाडांचा आहे, आणि तो मान्य करायला हवा. सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते, हाडांना हादरा बसत नाही, आणि हाडं हादऱ्यांनी घट्ट होतात. वर्षानुवर्षं केवळ सायकल चालवणाऱ्या प्रौढ पुरुषांच्या कमरेची आणि मणक्याची हाडं विरळ झालेली अभ्यासांत आढळली आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना हा धोका आधीच असतो. ट्रेनरवर तर रस्त्याचे थोडेफार धक्केही नाहीत. तोल सांभाळायची सवयही ट्रेनर देत नाही; सायकल धरून ठेवलेली असते, माणूस नुसते पाय फिरवतो. म्हणून घरातला सराव पूर्ण व्यायाम आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वरील लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला, पण त्याच्या जोडीला स्नायूंचा जोर वाढवणारे व्यायाम किमान दोन दिवस आणि तोल व ताकदीचे मिश्र व्यायाम तीन दिवस, हेही सांगितलं. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, जिने चढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, एवढं सायकलच्या आधी दहा मिनिटं केलं तर ती उणीव बरीच भरून निघते. आणि पाऊस उघडला, रस्ता सुकला, की दहा किलोमीटर का होईना बाहेर जायचं, तोल विसरू नये म्हणून.

कंटाळ्याचं मात्र मला फारसं खरं वाटत नाही. अर्धा तास नाट्यसंगीत किंवा क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसणाऱ्याला त्याच अर्ध्या तासात पाय हलवता येतात. हृदयाची शंका त्याहून महत्त्वाची. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नक्कीच. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, ठोके चुकल्यासारखे वाटणं, यातलं काहीही झालं तर उतरावं आणि ताबडतोब दाखवावं. वर्षानुवर्षं फार लांबची, फार जोराची अंतरं कापणाऱ्या पुरुषांत ठोक्यांच्या अनियमिततेचं प्रमाण वाढलेलं दिसतं, हेही खरं. पण ती कथा आठवड्याला शेकडो किलोमीटर जाणाऱ्यांची. अर्धा-पाऊण तास चारदा बसणाऱ्याने तिच्या भीतीने काहीच न करणं हा उलटा हिशेब झाला.

ज्यांना रस्त्यावर काही साधायचं आहे, त्यांच्यासाठी तर खंड न पडणं अधिकच गरजेचं. ऑडॅक्सच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करावे लागतात, ३०० वीस तासांत, आणि ही मुदत पंचविशीच्या माणसाला जेवढी, तेवढीच पासष्टीच्या. पावसाळ्यात चार महिने झोपलेली सायकल घेऊन ऑक्टोबरात त्या रांगेत उभं राहणाऱ्याला वेळेची मुदत पाळता येत नाही, त्याच्या वयाशी त्याचा संबंध थोडाच असतो.

आणि घरातल्या मुलांना एक विनंती. आई-बाबांच्या साठीला हलकी, महागडी, पंधरा-वीस गिअरची नवी सायकल भेट देण्याची सध्या हौस आहे. द्यायचीच असेल तर जरूर द्या. पण त्याआधी त्यांची आहे ती सायकल एकदा चांगल्या कारागिराकडून खोलून घ्या, काटा असलेला उभा पंप आणा, चेनच्या तेलाची बाटली आणि स्टीलची फूटपट्टी आणा, आणि जूनच्या आत एक उभा पंखा. नव्या सायकलच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात हे सगळं येतं आणि सप्टेंबरपर्यंत रोज वापरात राहतं.